भांड्यांचे यंत्र आणि अठ्ठेचाळीस मिनिटे

वाशीचा दाणाबाजार आणि मसाला बाजार हे ज्यांच्या उपजीविकेचे क्षेत्र, अशा आपल्या अनेक कुटुंबांचा दिवस दुकानाच्या वेळेने बांधलेला असतो. दुपारचा डबा उशिरा परत येतो, सूर्यास्तापूर्वीचे जेवण घाईत आटोपते आणि भांडी घासणाऱ्या बाई येतात दुसऱ्या दिवशी सकाळी. मधल्या वेळात खरकटी भांडी मोरीत पडून राहतात. उष्ट्याचा ओलावा एका मुहूर्ताहून, म्हणजे ४८ मिनिटांहून अधिक राहिला तर त्यात संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, ही शिकवण पाठशाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. म्हणून घरात भांडी धुण्याचे यंत्र, अर्थात डिशवॉशर, आणावे काय, हा प्रश्न केवळ सोयीचा नाही; जयणेचाही आहे.

या यंत्राची आणि आपली एक जुनी शेजारीण म्हणावी अशी ओळख आहे. अमेरिकेतील जोसेफिन कोक्रन या गृहिणीने १८८६ साली भांडी धुण्याच्या यंत्राचे पेटंट मिळवले आणि १८९३च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ते मांडले. त्याच वर्षी, त्याच शहरात भरलेल्या सर्वधर्म परिषदेत आचार्य आत्मारामजी महाराजांच्या वतीने वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन धर्माची बाजू जगापुढे ठेवली. सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्या दोन्ही गोष्टी आपल्या स्वयंपाकघरात समोरासमोर आल्या आहेत.

यंत्र घरच्या घरी बसवणे अवघड नाही. मात्र आधी हमीपत्र वाचावे. काही कंपन्या आपलाच माणूस बसवील अशी अट घालतात. बारा-चौदा जणांच्या भांड्यांचे यंत्र साधारण ६० सेंटिमीटर रुंद, तितकेच खोल आणि ८५ सेंटिमीटर उंच असते. ओट्याखाली सिंकच्या लगतची जागा उत्तम, कारण नळ आणि सांडपाण्याची नळी दोन्ही जवळ मिळतात. मोजमाप घेताना दार पूर्ण उघडून समोर उभे राहायला जागा उरते की नाही, हेही पाहावे.

विजेचे काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. पाणी तापवताना हे यंत्र सुमारे दोन हजार वॅट ओढते. त्यासाठी गिझरला असतो तसा १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला स्वतंत्र सॉकेट लागतो. तो यंत्राच्या मागे नसावा, बाजूच्या कपाटात हाताशी असावा. एक्स्टेंशन बोर्ड कदापि वापरू नये.

पाण्यासाठी सिंकखालच्या नळाला दोन तोंडांचा अँगल कॉक बसवावा आणि यंत्रासोबत आलेली नवी नळी त्याला जोडावी. नळीच्या टोकाशी रबरी वॉशर असतो. गळती तोच थांबवतो. म्हणून नळी हाताने घट्ट करून पान्याने किंचितच फिरवावी. बहुतेक यंत्रांना किमान ०.३ ते ०.५ बार दाब हवा असतो. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब जवळजवळ एक बार होतो, म्हणजे टाकी नळापासून तीन ते पाच मीटर उंच असावी. सर्वांत वरच्या मजल्यावर, टाकीच्या अगदी खाली राहणाऱ्यांनी हा हिशेब यंत्र घेण्यापूर्वीच करावा.

सांडपाण्याची नळी जमिनीपासून सुमारे अर्धा मीटर उंच वळवून मगच सिंकखालच्या पाइपला जोडावी. ती सरळ खाली सोडली तर मोरीतले घाण पाणी उलट यंत्रात येऊ शकते. शेवटी पाय फिरवून यंत्र समपातळीत आणावे आणि पहिली फेरी रिकामीच चालवून प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवून पाहावा. कागद ओला झाला, तर त्याच जोडाकडे लक्ष द्यावे.

यंत्रात मीठ घालण्याचा एक कप्पा असतो. ते मीठ भांड्यांसाठी नाही, जड पाण्यातील क्षार शोषणाऱ्या भागाला पुन्हा ताजे करण्यासाठी असते. पहिल्या वेळी कप्पा पाण्याने भरून मग त्यात डिशवॉशरचे जाडे मीठ घालावे. जेवणातले मीठ चालत नाही. खालापूरजवळच्या मोरबे धरणातून नवी मुंबई महापालिका देते ते पाणी पावसाच्या साठवणीचे, म्हणून साधारणतः सौम्य असते. पण सोसायटीत टँकरचे किंवा बोअरचे पाणी मिसळत असेल, तर चाचणीपट्टीने जडपणा तपासून यंत्राची मांडणी बदलावी.

आता मूळ प्रश्न. यंत्र एका फेरीत दहा-बारा लिटर पाणी वापरते. नळ मिनिटाला सहा लिटर पाणी सोडत असेल, तर दोनच मिनिटांत तेवढे पाणी वाहून जाते. अप्कायाची जयणा पाहता ही गोष्ट लहान नव्हे. पण हा लाभ यंत्र पूर्ण भरले तरच मिळतो, आणि यंत्र भरेपर्यंत खरकटी भांडी आत साठवली तर ४८ मिनिटांची मर्यादा मोडते. मोरीतला दोष बंद दाराआड गेला, एवढाच फरक उरतो.

यावर उपाय नवा नाही. थाळी धुऊन पिण्याची आणि मग कोरडी पुसून ठेवण्याची रीत आयंबिल करणाऱ्या प्रत्येक घरात पाहायला मिळते. ताटात उष्टे नाही, ओलावा नाही, मग ते ताट संध्याकाळपर्यंत यंत्रात निश्चिंत थांबू शकते. यंत्राची पुस्तिकाही अन्नकण काढून मगच भांडी लावा, नळाखाली धुऊ नका, असेच सांगते. पातेली आणि कढया मात्र त्याच वेळी निपटून पुसाव्यात. चोविहाराचे जेवण होताच यंत्र सुरू करावे. ते काम रात्रीवर टाकू नये.

तळाच्या जाळीत अन्नकण अडकतात. ती जाळी रोज काढून धुऊन कोरडी करावी, नाहीतर जीवोत्पत्तीचे घर यंत्रातच होईल. फेरीनंतर दार थोडे उघडे ठेवावे आणि भिंतीतल्या नळ्यांच्या फटी बुजवाव्यात, कारण उबेला झुरळे येतात. पितळ, तांबे, कासे, लोखंडी तवा, पोळपाट-लाटणे आणि पूजेची चांदीची उपकरणे यंत्रात घालू नयेत. अनेक टिकड्यांत सूक्ष्मजीवांपासून मिळवलेली विकरे असतात. ज्यांना ती वर्ज्य वाटतात त्यांनी वेष्टनावरील घटक वाचून घ्यावे. ज्यांची व्रते अधिक कडक आहेत, त्यांनी महाराजसाहेबांना विचारूनच निर्णय करावा.

यंत्र पाणी वाचवील, हातांचे कष्टही वाचवील. ताट पुसण्याचे काम मात्र जेवणाऱ्याचेच राहील. ते घरातल्या प्रत्येकाने, दुकानातून थकून आलेल्या पुरुषांनीही, स्वतःच्या हाताने केले, तरच हे यंत्र जैन घरात शोभेल.