नात्यांचीं नांवें आणि नात्यांचे हक्क

हल्लीं आमच्या विद्वान मित्रांत एका शोकाची साथ पसरली आहे. मराठी घरांतून काका, मामा, आत्या, मावशी हे शब्द नाहींसे होत असून त्यांच्या जागीं 'अंकल' आणि 'आंटी' येऊन बसले आहेत, असें हे मित्र सभांतून सांगतात, आणि तेवढ्यावरून आमची कुटुंबसंस्था बुडाली असा निर्णय देऊन मोकळे होतात. त्यांची हळहळ खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु नातें म्हणजे केवळ हांक मारण्याची सोय, अशी जी समजूत या शोकाच्या मुळाशीं आहे, तिचा प्रतिवाद करणें आम्हांस अवश्य वाटतें.

आमचे नात्यांचे शब्द उगाच वाढलेले नाहींत. इंग्रजीच्या एका 'कझिन'मध्यें चुलत, आते, मामे आणि मावस असे आमचे चारी प्रकारचे भाऊ आणि तितक्याच बहिणी कोंबल्या जातात. महाराष्ट्रांतील अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची चाल आहे. चुलत बहिणीशीं विवाह मात्र निषिद्ध. जेथें एक वधू होऊं शकते व दुसरी होऊं शकत नाहीं, तेथें दोघींस एकच शब्द कसा पुरेल? मामाची मुलगी भाच्यास दिली म्हणजे तिची सासू ही तिची सख्खी आत्याच असते. सुना सासूला 'आत्याबाई' म्हणत आल्या त्यांत ही चाल स्पष्ट दिसते. इरावती कर्वे यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय आप्तसंबंधांवरील आपल्या इंग्रजी ग्रंथांत महाराष्ट्राची गणना मध्य विभागांत केली. उत्तरेची आणि दक्षिणेची रीत येथें एकमेकींत मिसळलेली आहे.

आमच्या वऱ्हाडांत तर आणखी एक बारकावा आहे. बापाच्या थोरल्या भावास आम्ही 'मोठे बाबा' आणि त्याच्या बायकोस 'मोठी आई' म्हणतों. दूर जावा बेटांतही आईबापांच्या थोरल्या भावास 'पाकदे', म्हणजे मोठा बाप, आणि धाकट्यास 'पाकलिक', म्हणजे लहान बाप म्हणतात. तेथें तो भाऊ आईकडचा कीं बापाकडचा हें पाहत नाहींत, थोरला कीं धाकटा एवढेंच पाहतात. आम्ही दोन्हीं पाहतों. असें असतां 'मोठी आई', 'इवाई' हे शब्द गांवंढळ म्हणून हंसण्यावारीं नेणारे कोण? बहुतेक तेच, जे आज 'अंकल'च्या नांवानें अश्रु ढाळीत आहेत. वाशीम जिल्ह्यांतील बंजारा तांड्यावर आईला 'याडी' म्हणतात, हें तर या शोकसभांच्या गांवींही नसतें.

असो. शब्दांचें वैभव आम्हांस मान्य आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. या प्रत्येक शब्दाबरोबर एक कर्तव्य आणि एक हक्क चालत आला. त्यांचें काय झालें? मामानें भाचीस बोहल्यावर आणावें, माय मरो पण मावशी जगो, हे शब्दांमागचे करार आहेत. बारशाच्या दिवशीं बाळाचें नांव आत्या ठेवते. तिनें कानांत सांगितलेलें तें नांव पुढें सातबाऱ्यावर चढतें. आणि बहुधा त्याच सातबाऱ्यावरून तिचें स्वतःचें नांव एका हक्कसोडपत्रानें उतरविलेलें असतें.

कायदा या बाबतींत मुका नाहीं. १९९४ सालीं महाराष्ट्रानें हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस जन्मतः हक्क दिला, परंतु तत्पूर्वीं लग्न झालेल्या मुलींस वगळलें. २००५ सालच्या केंद्रीय दुरुस्तीनें तो भेदही काढून टाकला. ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निवाडा दिला कीं, दुरुस्तीच्या दिवशीं बाप हयात नसला तरी मुलीचा हक्क बुडत नाहीं. यावर गांवोगांव एकच उत्तर ऐकूं येतें: वाटा मागितला कीं माहेर तुटतें. मग बहीण 'राजीखुशीनें' अंगठा उठविते, आणि भाऊबिजेस तिला एक लुगडें मिळतें.

या उत्तराचा विचार करूं. भाऊ भाऊ वांटणी करतात, बांधावरून भांडतात, प्रसंगीं दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात; तरी ते भाऊच राहतात, आणि वांटणीमुळें 'भाऊ' हा शब्द मेला असें कोणी म्हणत नाहीं. मग बहिणीनेंच वाटा मागतांच 'बहीण' हा शब्द मरावा, इतका तो दुबळा कोणीं केला? दुसरा आक्षेप असा कीं, तिच्या लग्नांत खर्च झाला. तो मुलाच्या लग्नांतही होतो. त्यापायीं त्याचें नांव कोणी कमी करीत नाहीं.

हा वाद पुस्तकी नाहीं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं विशेष मदत जाहीर केली, त्यांत वाशीम होता. अशा घरांतली विधवा सासरीं दीर-जावांच्या मर्जीवर राहते. माहेरीं परतावें तर तेथें ती पाहुणी. दोन्हीं घरांत तिला नातें आहे, नांव आहे, हांक मारणारीं माणसें आहेत. नाहीं ती पायाखालीं हातभर जमीन.

म्हणून आमच्या शोकग्रस्त मित्रांस आमची सूचना आहे कीं, त्यांनीं पुढल्या सभेस जाण्यापूर्वीं आपल्या घरचा सातबारा काढून पाहावा. त्यांत बहिणीचें नांव नसेल तर तें चढवावें; हक्कसोडपत्राचा कागद तयार असेल तर तो फाडून टाकावा. मग त्यांनीं शब्दांविषयीं बोलावें. आम्ही आदरानें ऐकूं. ज्या घरांत आत्येचा वाटा आहे, त्या घरांतील मूल तिला 'आंटी' म्हणालें तरी तें नातें बुडणार नाहीं. जेथें तो नाहीं, तेथें 'आत्याबाई' ही गोड हांक म्हणजे फुकटची ओवाळणी होय.