मनी दुपारी मांडीवर, धाप मात्र रात्री!

मंठ्याहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. घरात ज्वारी-सोयाबीनची पोती, म्हणून उंदीर, म्हणून मांजर. आणि मांजर सासूबाईंचं फार लाडकं. या बाईंना लहानपणापासून दमा. त्या लिहितात, "मनी दुपारी मांडीवर येते तेव्हा दोन शिंका येतात, तेवढंच. धाप लागते रात्री, मनी बाहेर असताना. त्यामुळं घरात कुणी मानत नाही. नाटकं करते म्हणतात."

नाटक नाही हो, ताई. उलट पत्र वाचून मला मनीचाच संशय आला.

मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो, असा आपल्याकडे समज आहे. पण दोष केसाचा नाही. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तेलकट ग्रंथींत एक प्रथिन असतं. मांजर अंग चाटतं, ते केसांवर वाळतं आणि त्याचे बारीक कण तासन् तास हवेत तरंगतात. ज्यांना त्याचं वावडं असतं, त्यांच्या रक्तात 'आयजीई' नावाची प्रतिद्रव्यं तयार झालेली असतात. (इशिझाका या जपानी जोडप्यानं ती १९६६ मध्ये शोधली. बाईंचं नाव तेरुको, हे मुद्दाम लिहिते.) ही प्रतिद्रव्यं नाकातल्या आणि श्वासनलिकेतल्या 'मास्ट' पेशींना चिकटून बसतात. कण आला की या पेशी हिस्टामिन सांडतात. त्या तुमच्या दोन शिंका.

पण तेवढ्यावर भागत नाही. 'टी' पेशी सांगावा धाडतात आणि 'इओसिनोफिल' पेशी श्वासनलिकांत गोळा होतात. याला ४ ते ८ तास लागतात. मग नळ्या आतून सुजतात, चिकट बेडका साठतो. दुपारची मनी रात्री छातीत उतरते ती अशी! शिवाय गादी-गोधडीत कण असतातच.

"राहू दे, सवय होईल," असं सासूबाई म्हणतात. त्यांचं अगदीच खोटं नाही. मांजराच्या सहवासात वाढलेल्या काही मुलांच्या रक्तात वेगळी, त्रास न देणारी प्रतिद्रव्यं तयार होतात. पण दमा जडलेल्या माणसानं त्यावर विसंबू नये.

आधी डॉक्टरांकडून त्वचेची किंवा रक्ताची तपासणी करून घ्या. धान्याची धूळ आणि उंदीरही दमा उठवतात. धान्य झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरा. झोपायच्या खोलीत मनीला मज्जाव. पांघरुणं गरम पाण्यात धुवा, केर काढण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसा. मांजर कुणाला दिलं, तरी घरातले कण कमी व्हायला ४-६ महिने लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून निराश होऊ नका.

"सवय लागेल" म्हणून रोजचा पंप बंद केलात, हे मात्र चुकलंच. त्यातलं स्टिरॉइड त्या गोळा झालेल्या पेशींनाच शांत करतं. मात्रा थोडी असते, सवय लागत नाही. डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा, आणि पंप ओढल्यावर चूळ भरा. एका दमात वाक्य पुरं होईना, ओठ निळे दिसू लागले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

हे पान सासूबाईंना वाचून दाखवा. मनीला घराबाहेर काढा असं मी लिहिलेलं नाही, तेही दाखवा.