शून्य-शून्य, पण जुनी उधारी बाकी

मार्चअखेर बेसबॉलचा नवा सीझन सुरू होतो. तीसही टीम्स शून्यावर, पुढे प्रत्येकी १६२ मॅचेस. निदान त्या दिवशी तरी लोकांनी जुनं विसरावं ना? छे! बॉस्टनवाल्यांना विचारा. रेड सॉक्सनी बेब रूथला न्यूयॉर्कच्या यांकीजना विकलं १९१९ साली. राग अजून ताजा!

बरं, २००४ मध्ये याच यांकीजविरुद्ध ०-३ ने मागे असताना सलग चार मॅचेस मारल्या, मग ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीजही जिंकली. हिशोब फिटला? अजिबात नाही. त्याच टीममधला जॉनी डेमन पुढच्याच वर्षाअखेर यांकीजकडे गेला. झालं, नवीन खातं उघडलं!

आधी मला हा खुळेपणा वाटायचा. आता नाही वाटत. २००४ च्या विजयानंतर कित्येकांनी आई-वडिलांच्या, आजोबांच्या थडग्यांवर रेड सॉक्सच्या टोप्या नेऊन ठेवल्या. 'यंदा नक्की' म्हणत म्हणत ती माणसं गेली होती. खेळाडू काय, चार पैसे जास्त मिळाले की पलीकडे जातात. घरात टिकतो तो हा राग, आणि त्याच्याच बोटाला धरून आशा पुढच्या पिढीकडे येते.

त्यामुळे माझं मत विचाराल तर, रुसवा धरा खुशाल. फक्त एप्रिलमध्येच वर्ल्ड सिरीजची तिकिटं शोधू नका!