निघायची वाट आधी चालून बघा

ब्रॉडकॉमने नोव्हेंबर 2023मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद केली. आता वर्गणी भरत राहायची. तेव्हापासून अनेक सर्व्हर रूममध्ये प्रॉक्समॉक्स घ्यावं की हायपर-व्ही, यावर खल चालू आहे. माझ्या मते त्याआधी विचारायला हवं ते वेगळंच: आपल्या मशीनची डिस्क दुसरीकडे उघडते का?

व्हर्च्युअल मशीनची अख्खी डिस्क बहुधा एका फाइलमध्ये मावते. व्हीएमवेअरची व्हीएमडीके, व्हर्च्युअलबॉक्सची व्हीडीआय, क्यूएमूची क्यूकाऊ2. मायक्रोसॉफ्टची जुनी व्हीएचडी 2 टीबीच्या आसपास अडते, म्हणून 2012मध्ये 64 टीबीपर्यंत जाणारी व्हीएचडीएक्स आली. तरी अझूरवर स्वतःची डिस्क चढवायची तर ठरीव आकाराची व्हीएचडीच लागते. रॉ सगळ्यांत साधी: हेडर नाही, स्नॅपशॉट नाही, डिस्कवरचं जसंच्या तसं. रोजच्या मशीनला स्नॅपशॉट आणि डेटापुरतीच जागा खाणं हवं असेल, तर क्यूकाऊ2 घ्यावी. वर्षानुवर्षं जपून ठेवायची प्रत मात्र रॉमध्येच असावी. ती वाचायला कुठल्याही कंपनीचं सॉफ्टवेअर लागत नाही.

फॉरमॅट बदलायला क्यूएमू-आयएमजीची एक कमांड पुरते. घात होतो तो तिच्या अलीकडे-पलीकडे. मशीन आधी नीट बंद करा. स्नॅपशॉट मूळ डिस्कमध्ये मिसळून घ्या, नाहीतर जुनी फाइल तेवढी नव्या घरी जाते आणि त्यानंतरच्या नोंदी डेल्टा फाइलमध्ये मागे राहतात. कमांडमध्ये मूळ फॉरमॅट स्पष्ट लिहा, ओळखायचं काम टूलवर सोडू नका. रॉ डिस्क असलेलं मशीन कोणी आतून पोखरलं, तर तो डिस्कच्या सुरुवातीला क्यूकाऊ2चं खोटं हेडर लिहून होस्टवरची भलतीच फाइल वाचू शकतो. रूपांतर झालं की दोन्ही प्रती कंपेअर कमांडने ताडून पाहा. एवढं करूनही विंडोजच्या मशीनमध्ये व्हर्टआयओचे ड्रायव्हर आधी घातले नसतील, तर व्हर्टआयओ डिस्क वापरणाऱ्या नव्या जागी ते निळ्या स्क्रीनवर अडकतं: डेटा शाबूत, मशीन बंद.

यातली एकही अडचण कागदावर दिसत नाही, करून पाहिल्यावरच दिसते. म्हणून पतसंस्था असो, महाविद्यालय असो की नगरपालिका, वर्षातून एकदा एक खरं मशीन दुसऱ्या हायपरव्हायजरवर चालू करून पाहायला हवं आणि सर्व्हरच्या निविदेत ते काम अट म्हणून घालायला हवं. खर्च एका सुट्टीच्या दिवसाचा आणि थोड्या रिकाम्या जागेचा. बदल्यात परवान्याचं नूतनीकरण आलं, की विक्रेत्यासमोर नकार देण्याची ताकद हातात असते. जनतेच्या आणि सभासदांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांनी ती ताकद गमावणं मला मान्य नाही.