अजून ‘जि. ठाणे’ चालतंच ना?

आमच्यासारख्या ट्रान्स माणसांची बातमी छापून येते ती बहुधा दोनच प्रकारची. घरच्यांनी हाकलून दिलं, नाहीतर शस्त्रक्रिया झाली. २०१८ मध्ये माजलगावचे पोलीस शिपाई ललित साळवे यांची बातमी सगळीकडे होती. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. रजेचा अर्ज २०१७ चा, सरकारची परवानगी २०१८ च्या मे महिन्यातली, मध्ये उच्च न्यायालयाची पायरीही चढावी लागली. त्या मधल्या महिन्यांत ते ड्युटीवर कसे जात होते, घरी जेवताना काय बोलणं व्हायचं, हे वाचल्याचं मला आठवत नाही. मी सध्या त्याच मधल्या काळात राहते. नालासोपाऱ्यातल्या तुळिंजला, आईबाबा, भाऊ-वहिनी आणि त्यांच्या चार वर्षांच्या मुलीसोबत, वन बीएचकेमध्ये.

एवढ्या घरात सहा माणसं असली की गुपित ठेवायला जागा नसते आणि जाहीर करायची गरजही फारशी उरत नाही. माझे केस सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाढले. बाबा आधी दर रविवारी ‘कटिंग करून ये’ म्हणायचे, मग सणासुदीला म्हणायला लागले, मग सोडून दिलं. कानात खडे आले तेव्हा आईने एवढंच विचारलं, ‘सोन्याचे नाहीत ना? गर्दीत ओढतात.’

खरा फरक पडला तो गौरींमुळे. आईचे गुडघे गेले, तिला वाकून साडी नेसवणं जमेना. वहिनीच्या माहेरी खड्यांच्या गौरी, तिला हे ठाऊकच नाही. काम माझ्याकडे आलं. लोखंडी स्टँडला साडी नेसवणं सोपं नसतं. निऱ्या आधी मांडीवर घालून इस्त्री फिरवायची, पिन आतून लावायची, पदर घेताना मुखवटा हलता कामा नये. आई खुर्चीवरून सूचना देत होती: ‘काठ वर गेलाय, खाली ओढ. पोटाशी फुगलंय बघ.’ अशा सूचना आयांनी लेकींना देण्याच्या असतात, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. बोललं कोणीच नाही. मावशीने विचारलं, ‘यंदा नेसवलं कोणी गं? छान चापूनचोपून बसलंय.’ आई म्हणाली, ‘घरातच.’

माझ्या काही मैत्रिणींना हा भित्रेपणा वाटतो. एकदा सगळ्यांना बसवून सांगून टाक, म्हणतात. पुतणी मला जिन्यातून ‘काका’ अशी हाक मारते आणि मी ओ देते, हे तर त्यांना मुळीच पटत नाही. त्यांचा राग समजतो. पण त्या पोरीला टोकण्यापेक्षा तिचं तिला उमजू द्यावं, असं मला वाटतं. अर्थात ज्यांच्या घरात मारझोड होते, लग्न उरकायचा घाट घातला जातो, त्यांनी माझं ऐकू नये. त्यांनी निघावं.

आमचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा निघाला. आमच्या सोसायटीच्या पाटीवर आणि बाबांच्या जुन्या पासबुकावर मात्र अजून ‘जि. ठाणे’च आहे. पत्रं येतात, कोणी अडवत नाही. एवढी उसंत माणसाला मिळावी, इतकंच माझं मागणं.

त्याच २०१४ मध्ये, १५ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की, आपली लिंगओळख ज्याने त्याने ठरवावी, त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरू नये. २०१९ च्या कायद्याने मात्र दोन टप्पे पाडले: जिल्हाधिकाऱ्यांकडून ‘ट्रान्सजेंडर’ असल्याचं प्रमाणपत्र आणि कागदावर नुसतं ‘स्त्री’ हवं असेल, तर शस्त्रक्रियेचा वैद्यकीय दाखला. माझं अजून काहीच ठरलेलं नाही. न ठरलेल्या माणसाने रोज सकाळी नालासोपाऱ्याला कुठल्या डब्यात चढायचं? लेडीजमध्ये चढावं तर कुणीतरी पोलिसांना बोलावणार. बायकांच्या डब्यात शिरणाऱ्या पुरुषांसाठीचं रेल्वे कायद्याचं कलम १६२ आहेच. जनरलमधले धक्के निराळे. म्हणून मी रिटर्न मारते. विरारला उलटं जाऊन खिडकी पकडते, निदान एका बाजूला तरी डब्याची भिंत असते. अंधेरीला ऑफिसात हिशेबाचं काम आहे. तिथे ओळखपत्रावरचा फोटो बदलून मागितला, तर प्रमाणपत्र आणा म्हणाले. चेहरा माझाच आहे, फोटो फक्त आजचा लावायचा होता!

शेजाऱ्यांकडेही एक मागणं आहे. ‘तुमच्या मुलाचं नक्की काय चाललंय?’ हे बाबांना सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारू नका. चारचौघांत विचारलं की त्यांना उत्तर द्यावं लागतं आणि त्या दिवशी जमेल ते उत्तर मग वर्षानुवर्षं धरून बसावं लागतं. घरात त्यांना असं कोणी कोंडीत पकडत नाही, म्हणून तर ते हळूहळू सरकले.

२०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा पुरुष आणि स्त्री यांच्यापुढे ‘इतर’ हा पर्याय आला. महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद त्यात झाली. यातल्या कितीतरी नोंदी दारात उभं राहून घरातल्या कुणीतरी सांगितलेल्या असणार, आणि न झालेल्या नोंदीसुद्धा तशाच. आता २०२७ च्या जनगणनेत पुन्हा माणसं दारात येतील. तेव्हा माझ्याबद्दल काय सांगाल, असं परवा बाबांना विचारलं. ते पेपरमधून मान वर न करता म्हणाले, ‘मी कशाला सांगू? तू घरी थांब त्या दिवशी.’