धर्म वाचवायला तलवार कशाला?



गेल्या आठवड्यात आपल्या स्वाध्यायाच्या ग्रुपवर एका अक्कांनी 'द बुक ऑफ इलाय' हा इंग्रजी सिनेमा सुचवला. श्रद्धेवरचा आहे, मुलांना जरूर दाखवा म्हणाल्या. दाखवला. आता माझं ऐका, रागावू नका.

२०१० चा सिनेमा. युद्धात जग जळून ३० वर्षं झालीत. इलाय (डेन्झेल वॉशिंग्टन) बायबलची प्रत घेऊन पश्चिमेकडे चाललाय. सुरुवातीलाच बाणाने मांजर मारतो आणि भाजून खातो. पुढे वाट अडवणाऱ्यांना कापत जातो. आणि आपण म्हणायचं, काय ही श्रद्धा!

माझा थोरला म्हणाला, "आई, त्याने मारलं नसतं तर त्यांचा धर्मच संपला असता ना?"

म्हटलं, अरे, श्रुत तर आपलंही बुडत होतं. गिरनारच्या गुहेत धरसेन आचार्यांनी दोन मुनींना बोलावून घेतलं, शिकवलं. त्या पुष्पदंत-भूतबलींनी षट्खंडागम लिहिला. श्रुतपंचमीला आपण पूजा करतो ती त्याचीच. त्यासाठी कुणाच्या अंगावर ओरखडा उठला नाही.

सिनेमात एकच जागा मला धर्माची वाटली. सोलारा नावाच्या मुलीचा जीव वाचावा म्हणून इलाय ते पुस्तक शत्रूला देऊन टाकतो. आणि पुस्तक गेलं तरी काही बुडत नाही, सगळं त्याला पाठ असतं! मग आधीची ती सगळी माणसं कशासाठी मारली? हे विचारल्यावर थोरला गप्प.

त्यापेक्षा २००९ चा 'द रोड' बघा. तोही भयंकर आहे, लहान मुलांना दाखवू नका. माणसं माणसांना खातायत, बाप-लेक उपाशी. पोरगा बापाकडून वदवून घेतो, आपण कधीच कुणाला खाणार नाही ना? वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्याला आपल्यातलं द्यायला लावतो. अणुव्रत याला म्हणतात.

बोलायला सोपं, उपाशी राहून बघा, असं कुणी म्हणेल. २०१९ च्या पुरात सांगलीत आम्ही तीन दिवस वरच्या मजल्यावर अडकलो होतो. होडीतून पाकिटं आली ती दिवेलागणीनंतर, पुरी आणि बटाट्याची भाजी. सासूबाईंनी हात लावला नाही. मी खाल्लं. रात्री, बटाट्यासकट. नंतर प्रायश्चित्त घेतलं. पण मोडला तो माझा नियम होता, दुसऱ्याच्या हातातलं पाकीट मी ओढलं नव्हतं. इलायच्या आणि माझ्या चुकीला एकच माप लावू नका.

जग संपण्याची गोष्ट आपल्याकडेही आहे. पंचमकाळाची २१,००० वर्षं संपताना एक मुनी, एक आर्यिका, एक श्रावक आणि एक श्राविका उरतील. राजा मुनींच्या हातावरचा पहिला घास कर म्हणून मागेल. मुनी तो देतील, अंतराय मानून परत फिरतील आणि चौघं सल्लेखना घेतील. त्याच दिवशी सकाळी धर्म, दुपारी राजा, संध्याकाळी अग्नी नाहीसा होईल.

थोरल्याने विचारलं, "म्हणजे ते हरले?"

रविवारी स्वाध्यायाला यावरच बोलूया. सिनेमा सुचवणाऱ्या अक्कांनी आधी बोलावं.