शून्य म्हणजे रिकामे?

गेल्या वर्षी एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयास मी सायबर कॅफेत बसलो होतो. घरातून प्रथमच कॉलेजात आलेल्यांसाठी ती होती. 'कुटुंबातील पदवीधरांची संख्या' या रकान्यात मी शून्य लिहिले. उत्तर आले, 'हा रकाना भरणे आवश्यक आहे.' पुन्हा शून्य, पुन्हा तेच. कॅफेवाले दादा म्हणाले, "एक टाक आणि मोकळा हो." एक टाकले असते तर अर्ज गेला असता, पण हक्क उरला नसता. मुदत संपली.

पानाच्या पत्त्याअखेर 'पीएचपी' ही अक्षरे होती. यंदा ती भाषा थोडीशी शिकलो, तेव्हा उलगडा झाला असे वाटते. रकान्यात लिहिलेले सारे पीएचपीकडे अक्षरे म्हणूनच पोचते, आणि तिथले 'एम्प्टी' कोरी जागा व एकटे शून्य या दोहोंना रिकामेच मानते. उपाय अवघड नाही. 'ट्रिम'ने कडेच्या मोकळ्या जागा काढाव्यात आणि तीन बरोबर-चिन्हे घालून कोऱ्या मजकुराशी तुलना करावी. पुढे संख्या पूर्णांक आहे का हे तपासतानाही तीच तीन चिन्हे हवीत. नाहीतर शून्य पुन्हा नापास!

तपासणी नको, असे माझे म्हणणे नाही. ब्राउझरमधली तपासणी कोणीही चुकवू शकतो. सर्व्हरवर ती हवीच. पण अर्ज तयार करणाऱ्याने त्या रकान्यात एकदा तरी शून्य घालून पाहिले होते काय? बहुधा त्याने आपल्याच घरची माहिती भरून पाहिली असावी. आमच्या बाकावरच्या तिघांना बोलावले असते, तरी चूक दोन मिनिटांत सापडली असती.